खिडकीला हलायला जागा द्या

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून ठेवतोय. बोलताना मध्ये मध्ये येणारे "अं...", "म्हणजे कसं..." काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. विषय आहे जुन्या शिडाच्या होडीच्या केबिनच्या खिडक्या बदलणं. अन् सांगतोय कोण, तर अकोल्याचा माणूस! आमच्याकडे पाण्याच्या गप्पा म्हणजे काटेपूर्णा धरणात किती साठा उरला अन् नळ कितव्या दिवशी येणार, एवढ्याच. पण ऐका तर खरं. यातलं अर्धं तुमच्या घरच्या खिडकीला, कूलरला, पार्किंगच्या शेडला तसंच्या तसं लागू पडतं.

होडी माझी नाही, मामांची. मामा अमरावतीचे. अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, मामांनी अठ्ठावीस फुटांची जुनी फायबरची शिडाची होडी घेतली. मुंबईच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत ती उभी असते. राजापेठेतले त्यांचे मित्र अजून विचारतात, "काहून बाप्पा, वडाळी तलावात चालवतो का?"

शिडाच्या होडीतून आपली माणसं खूप लांब गेलीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून २०१० च्या मे महिन्यात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' ही होडी गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. नंतर तिथंच 'तारिणी' बांधली गेली. २०१७-१८ साली लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलाच्या आणखी पाच महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. मामांचं स्वप्न एवढं मोठं नाही. त्यांना मामींना घेऊन नोव्हेंबरात गोव्यापर्यंत जायचंय, बस.

अडचण एकच होती. होडी गळत होती.

पाणी जिथं दिसतं तिथून येत नाही

गेल्या पावसाळ्यात मामा-मामी एक रात्र होडीवर झोपले होते. मध्यरात्री जळका वास आला. खिडकीतून आलेलं पाणी भिंतीच्या आतल्या अस्तरामागून उतरत उतरत थेट बॅटरीच्या स्विचबोर्डावर गेलं होतं. शॉर्ट झालं, धूर निघाला. मामांनी मेन स्विच बंद केला म्हणून वाचले. फायबरची होडी पेटली तर पळायला जागा नसते, चारी बाजूंनी पाणी. मामी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पुढच्या पावसात एक थेंब जरी आत आला, तर होडी विकायची. मले काही ऐकायचं नाही."

मामांनी आधी काय केलं, तर आपण सगळे करतो तेच. सिलिकॉनची ट्यूब आणली अन् फ्रेमच्या कडेनं बाहेरून फासली. एक सर गेली, दुसरी गेली, तिसऱ्या सरीला पुन्हा गळती. मग त्यावर आणखी एक थर.

इथं पहिली गोष्ट लक्षात घ्या. जुन्या सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. वरून थर चढवला की पाणी थरामागे अडकतं, आत शिरायची त्याची वाट तशीच राहते. आणि वाईट म्हणजे खरी जागा झाकली जाते, शोधणं अवघड होतं.

गळती शोधायची कशी? दोन माणसं लागतात. एकानं आत बसायचं, टॉर्च घेऊन. खिडकीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरायची. दुसऱ्यानं बाहेरून पाण्याचा पाइप धरायचा, पण सुरुवात खालून करायची. खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग वरची कड. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि काही कळत नाही. पावडर जिथं पहिल्यांदा ओली होते, तिथं वाट. आमच्या होडीत पाणी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून शिरत होतं आणि दीड फूट लांब, स्विचबोर्डाजवळ पडत होतं. घरात कूलरचं पाणी खिडकीच्या चौकटीखाली मुरतं अन् पोपडे शेजारच्या भिंतीवर धरतात ना, अगदी तसंच.

जुनी खिडकी काढल्यावर काय दिसलं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होडी पाण्याबाहेर काढून यार्डात ठेवली. आजूबाजूला मासेमारीच्या होड्याही यायला लागल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्याआधी सगळे आपापल्या होड्या वर ओढून शाकारून ठेवतात.

जुन्या खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या फ्रेम होत्या आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते, ती झिजच. निम्मे स्क्रू फिरलेच नाहीत, त्यांची डोकी ड्रिलनं उडवावी लागली.

फ्रेम निघाली अन् मामा गप्प झाले. या होडीची भिंत एकसंध फायबरची नाही. बाहेर फायबरचा थर, आत फायबरचा थर, मध्ये हलकं लाकूड. वजन कमी, ताकद जास्त. पण खिडकीसाठी भोक पाडलं की ते लाकूड उघडं पडतं. पाणी तिथून मुरलं की लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून रंग चकचकीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण आवाज, कुजलेल्या जागी बद्द. एका खिडकीच्या खाली वीतभर भाग बद्द वाजत होता.

उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा. कुजलेलं सगळं कोरून काढायचं. बाकी चांगल्या भागातही भोकाच्या कडेनं सेंटीमीटरभर लाकूड कोरायचं. आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. मग ती खाच घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरून टाकायची. म्हणजे पुढं कधी खिडकी गळलीच, तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. हे काम कोणाला दिसत नाही. फोटोत येत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं हेच.

काच, ॲक्रेलिक की पॉलिकार्बोनेट?

जुन्या फ्रेम पुन्हा बसवण्यात अर्थ नव्हता. म्हणून ठरलं की फ्रेमच नको. दहा मिलिमीटर जाडीची तावदानं बाहेरून लावायची, भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन सेंटीमीटर मोठी.

काच जड, आणि टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही. पॉलिकार्बोनेट फार चिवट, हातोडीनंही सहज फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि उन्हात ते पिवळं पडतं. आपल्याकडच्या पार्किंगच्या शेडवरचे पत्रे पाहा, पाच-सहा उन्हाळ्यांत चहाच्या रंगाचे होतात. ॲक्रेलिक त्यापेक्षा ठिसूळ, पण उन्हाला पक्कं. वर्षानुवर्षं स्वच्छ राहतं.

ॲक्रेलिकची एक गंमत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छत्रं याचीच असायची. विमानावर गोळ्या बसल्या की त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत जायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे कण डोळ्याला फारसे बाधत नाहीत. १९४९ साली त्यांनी याच प्लास्टिकची लेन्स करून मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवली. आज आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जी लेन्स बसते, तिची सुरुवात तिथं आहे.

तर ॲक्रेलिक ठरलं. ते मिळतं कुठं? अहो, दुकानाच्या पाट्या बनवणाऱ्याकडे! नेमप्लेट, अक्षरं, ट्रॉफ्या, सगळं ॲक्रेलिकचं. मी अकोल्यातच लेझर कटिंगवाल्याकडे गेलो. फक्त एक गोष्ट विचारून घ्या: शीट 'कास्ट' आहे की 'एक्स्ट्रूडेड'. कास्ट महाग असते, पण तिच्यात ताण कमी असतो, ती सहज तडकत नाही.

आणि कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो, तडा तिथूनच सुरू होतो. १९५४ साली 'कॉमेट' या प्रवासी जेट विमानांचे तीन महिन्यांत दोन अपघात झाले. तपासात निघालं की हवेच्या दाबानं धातू थकत गेला होता, आणि पहिल्या विमानाचा तडा छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी होता. आपली होडी काही विमान नाही, पण नियम तोच.

टक्!

चार तावदानं चादरीत गुंडाळून रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसनं निघालो. मामा बडनेऱ्याला चढलेले, मी अकोल्याला. रात्रभर तावदानं बर्थखाली अन् आमचा अर्धा जीव तिथंच.

आता माझी चूक सांगतो. दोन चुका, खरं तर.

पहिली अशी, की लेझरनं कापलेल्या कडा काळपट दिसत होत्या, म्हणून मी त्या थिनरनं पुसल्या. तासाभरात एका कडेला केसासारख्या बारीक रेघा उमटल्या, शंभर तरी. लेझरच्या उष्णतेनं कडेत ताण राहतो, अन् त्यावर थिनर, पेट्रोल, ॲसिटोन असलं काही लागलं की तो ताण असा फुटून बाहेर येतो. ॲक्रेलिकला साबण आणि पाणी, एवढंच. कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, एकशेवीस नंबर, मग दोनशेचाळीस, मग चारशे.

दुसरी चूक मोठी. सहा मिलिमीटरचा बोल्ट, म्हणून मी सहाचंच भोक पाडलं. डोकं वर दिसू नये म्हणून 'सीएसके' स्क्रू वापरले, म्हणजे ज्यांचं डोकं पाचरीसारखं आत बसतं. सकाळी सहाला, गार हवेत, पान्यानं पूर्ण ताकद लावून आवळले. मामा म्हणत होते, "अबे लेका, एवढं घट्ट काहून करून रायला?" मी म्हणालो, "मामा, ढिलं राहिलं तर गळेल ना."

अकरा वाजता आम्ही चहा पीत होतो. होडीकडून आवाज आला, टक्! बंदुकीचा चाप ओढल्यासारखा. तावदान एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत उभं तडकलेलं.

काय झालं, त्याचा हिशेब करू. ॲक्रेलिक एक मीटर लांब असेल तर एका अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. आमचं तावदान सत्तर सेंटीमीटर. सकाळी सत्तावीस अंश. गडद रंगाचं तावदान मे महिन्याच्या उन्हात साठ अंशांपर्यंत सहज तापतं. फरक तेहतीस अंश. म्हणजे वाढ दीड मिलिमीटरच्या वर. फायबरची भिंत त्याच्या निम्म्यानंही वाढत नाही. तावदानाला पसरायचंय, बोल्ट सोडत नाहीत, अन् सीएसकेचं डोकं पाचरीसारखं आत रुतलेलं. मग ते बिचारं करणार काय?

हे मला कळायला हवं होतं. आमच्या आजोबांच्या गावी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी पाहिलंय. धाव मुद्दाम चाकापेक्षा जरा लहान करतात, विस्तवात लाल करतात, म्हणजे ती फुगून चाकावर बसते, मग पाणी ओततात अन् ती आवळते. गरम झालं की पसरतं, गार झालं की आवळतं. शाळेत न जाता लोहाराला हे माहीत होतं. मी इंजिनिअरिंग करून विसरलो.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दहा जूनच्या आत झालं पाहिजे. नाही तं मामी ग्राहक शोधते."

दुसऱ्यांदा

धाकट्या भावानं अकोल्याहून नवी तावदानं ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं पाठवली. या वेळी काय केलं ते क्रमानं सांगतो.

भोकं मोठी पाडली. सहाच्या बोल्टला नऊची. ड्रिल हळू फिरवायचं, खाली लाकडाची फळी ठेवायची, शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करायचा. सीएसके बंद. सपाट बुडाच्या डोक्याचे बोल्ट, आणि खाली रुंद रबरी वॉशर.

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडलं. ब्लेडनं, मग पॉलिश पेपरनं. याला दोन दिवस गेले. कंटाळून इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया.

तावदानावरचा संरक्षक कागद तसाच ठेवून फक्त कडेची पट्टी सोलली. भिंतीवरही मास्किंग टेप लावली. नंतरची निम्मी साफसफाई वाचते.

मग सील. इथं बरेच लोक फसतात. काही सीलंट ॲक्रेलिकला खातात, पॉलिसल्फाइड त्यातलंच. पॅकवर वाचून घ्या. आम्ही न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घेतलं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते नव्हे. हे वेगळं. बुटाइल टेपही चालते. ती कधी कडक होत नाही, च्युइंगमसारखी ताणत राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सील जाड हवं. आपल्याला वाटतं, आवळून आवळून सगळं बाहेर काढलं की पक्कं. उलट आहे. तीन मिलिमीटर जाडीचा रबरासारखा थर राहिला तर तावदान दीड मिलिमीटर इकडं-तिकडं सरकलं तरी थर ताणतो, सुटत नाही. पातळ कागदासारखा थर मात्र पहिल्याच उन्हात सुटतो. म्हणून कडेनं तीन मिलिमीटरचे रबराचे छोटे तुकडे ठेवले, अंतर कायम राहावं म्हणून. बोल्ट फक्त हातानं, टेकतील एवढेच फिरवले. आठवडाभरानं सील पक्कं झाल्यावर पाव आटा आणखी. बस.

या वेळी काम दुपारी चारनंतर केलं, होडीवर ताडपत्रीची सावली धरून. तावदान फार तापलेलं नको, फार गारही नको.

पहिला पाऊस

दहा जूनला सगळं संपलं. पाऊस त्याच आठवड्यात आला. मामी अमरावतीहून मुद्दाम आल्या. त्यांनी काय केलं माहितेय? चारही खिडक्यांखाली वर्तमानपत्र पसरलं, अन् स्विचबोर्डावर एक पापड ठेवला. म्हणाल्या, "तुमची पावडर-बिवडर राहू द्या. पापड नरम पडला तं मले कळते."

रात्रभर कोसळला. सकाळी तीन खिडक्यांखालचे कागद कोरडे. चौथ्याखाली रुपयाएवढा डाग. मामांचा चेहरा पडला. मी पाइप घेऊन पुन्हा खालून सुरुवात केली. खिडकी नव्हे, तिच्या वरच्या कठड्याचा एक बोल्ट गळत होता. तो काढला, भोक इपॉक्सीनं भरलं, पुन्हा पाडलं, सील लावून बसवला. दुसऱ्या रात्री चारही कागद कोरडे.

पापड मात्र नरम पडला. खाडीची दमट हवा, दुसरं काय! मामी बराच वेळ तो हातात घेऊन उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हा पापडाचा दोष आहे." होडी विकायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी अकोल्याला परत आलो तेव्हा आमच्या गच्चीवरच्या दाराशेजारची खिडकी गळत होती. बाबा सिलिकॉनची ट्यूब घेऊन उभे. मी म्हणालो, "बाबा, थांबा. आधी जुनं काढू."

तर मंडळी, या पावसाळ्यात तुमच्या खिडकीखाली ओल दिसली, तर ट्यूब उचलायच्या आधी एक दुपार द्या. खालून वर पाणी मारा, जुनं खरवडा, आणि जे बसवाल त्याला हलायला जागा ठेवा. तुमच्याकडे काय गळतंय, कुठं वाट सापडली, त्याची व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूच.